निळ्या झेंड्याचे तीन फोटो

त्या वर्षांत कर्जत तालुक्यात निघालेला कुठलाही जुना फोटो बघा. नवरानवरी असोत, ग्रामपंचायतीचे सभासद असोत, नाहीतर मांडीवर नातू घेतलेली म्हातारी असो, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव सापडेल. कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगतंय, ते आपल्याला कळत नाहीये, आणि हे संपणार कधी, असा तो भाव. नेरळपासून कडावपर्यंत कितीतरी भिंतींवर तो अजून टांगलेला असेल. त्याला कारण आमचे बापू.

बापूंचा स्टुडिओ कर्जतच्या बाजारपेठेत होता आणि त्याच्या वरच्या खोलीत मी सात वर्षं भाड्यानं राहिले. मी शाळेत शास्त्र शिकवायची. बापू दुकानात शास्त्र शिकवायचे. फरक एवढाच की माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत पळून जाऊ शकत होती. बापूंच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, मान जराशी डावीकडे वळवून, हलू नका असं बजावलेलं असे.

ते मूळचे कडावचे, भातशेतीच्या घरातले. ठेंगणे, काळेसावळे, गळ्यात तुळशीची माळ, बोटांची टोकं औषधांनी कायमची तपकिरी. तरुणपणी मुंबईला एका छापखान्याच्या कॅमेरा खात्यात लागले, तिथं बारा वर्षं काढली आणि एक मोठा लाकडी कॅमेरा, तीन थाळ्या नि एक लाल दिवा घेऊन गावाकडे परतले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. फिल्मबद्दल बोलताना ते ‘ती’ म्हणत आणि घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. ‘आज ती ऐकत नाय,’ असं खालून ऐकू आलं की नव्या माणसाचा गैरसमज व्हायचा.

फोटो म्हटला की माणूस ताठ होतो, श्वास कोंडून धरतो आणि पोलिसासमोर उभं केल्यासारखा बघतो. त्यावर बापूंचा उपाय म्हणजे शास्त्र.

“हे बघा,” ते काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, “ह्या फिलमवर चांदीच्या मिठाचे दाने हायेत. बारीक. मोजाय बसलात तर जनम सरंल. आता उजेड त्यातल्या एका दान्याला शिवला, की त्याच्या पोटात चांदीचा एक कन सुटतो. एवढुसा. कुनाला दिसायचा नाय. म्हंजे फोटो निघाला, पन दिसत नाय. राबात भात पेरल्यावर वरून काय दिसतं? काय नाय. तसं. मंग औषधात घातली, की ज्याच्या पोटात कन हाय तो अख्खा दाना काळा पडतो. ज्याच्या पोटात नाय तो धुऊन जातो. जिथं उजेड, तिथं काळं. कागदावर छापताना ते परत उलटं. समजलं?”

समजलेलं नसायचं. गिऱ्हाइकाचा ताठा गळून पडायचा, चेहरा भाबडा व्हायचा, आणि नेमक्या त्या क्षणी बापू हातातला रबरी फुगा दाबायचे. “झालं. उठा.”

लोक म्हणायचे, बापू माणसाचा फोटो चांगला काढतात. ते बापूंना अजिबात मान्य नव्हतं. “मानसाचा फोटो निघत नसतो, बाई,” ते मला म्हणायचे. “उजेडाचा निघतो. मानूस मधी येतो.”

त्या काळात सगळे रंग ओळखणारी फिल्म बाजारात मिळायला लागली होती. पण ती मिट्ट काळोखात धुवावी लागे. बापू जुनीच वापरत. ही जुनी फिल्म लाल रंगाला ठार आंधळी, आणि म्हणूनच लाल दिव्याखाली तिच्याकडे बघत बघत धुता येई. चित्र उमटताना बघायला मिळालं नाही तर हा धंदा करायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. या हट्टापायी त्यांना किती बोलणी खावी लागत, त्याला सुमार नाही.

नेरळचे एक गृहस्थ लेकीचा स्थळांना दाखवायचा फोटो घेऊन एकदा तावातावानं आले. मुलगी गोरीगुलाबी, नेसलेली लाल साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटोत साडी काळी, ओठ काळे, कुंकू काळं आणि गालांवर काजळी माखल्यासारखी.

“ही माझी मुलगी आहे का?” गृहस्थ ओरडले.

“तुमचीच,” बापू शांतपणे म्हणाले. “गुलाबी म्हंजे लालच की. फिलमला लाल दिसत नाय. जे दिसत नाय ते काळं.”

“मग पेन्सिल फिरवा आणि गोरी करा! बाकीचे फोटोवाले करतात.”

“मी रंग लावला तर तो माझा,” बापू म्हणाले. “फिलमनं बघितला तर तुमचा.”

अर्धा तास वाद झाला. शेवटी बापूंनी फोटो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या ठळक अक्षरात लिहून दिलं: ‘मुलगी प्रत्यक्षात गुलाबी आहे. फिल्मला लाल दिसत नाही.’ खाली सही केली. गृहस्थ फोटो घेऊन पाय आपटत गेले, आणि दुसरा काढायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी तोच पाठवला. मुलाकडच्यांना हे काय प्रकरण आहे ते कळेना, म्हणून ते खरंखोटं बघायला आले आणि लग्न जमलं. पुढे दोन-तीन बापांनी मागच्या मजकुरासाठी म्हणून बापूंकडे मुली आणल्या.

त्यांच्याकडे छापखान्यातून मिळालेलं फोटोशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. बापूंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला फोटो काढता येत नव्हता. तेव्हा शाळा सुटल्यावर तासभर मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी चहा करायचा, असा आमचा करार झाला. बापूंइतका चांगला विद्यार्थी मला पुढे नोकरीभर मिळाला नाही. एकदा ऐकलं की त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसायचं आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या माथी मारलं जायचं.

बापूंची एक सवय मी रोज बघत होते. फिल्मच्या दोन बाजूंपैकी मसाल्याची, म्हणजे चांदीच्या मिठाचा लेप असलेली, बाजू कुठली ते कळायला ते तिचा कोपरा ओठाला लावत. मसाल्याची बाजू ओल्या ओठाला किंचित चिकटते. लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांनाही कळतं खरं, पण “डोळा फसतो, ओठ फसत नाय,” असं त्यांचं मत. छापखान्यातले धरून वीसेक वर्षं ते हे करत आले होते.

आणि बापू पक्के माळकरी. ज्या ताटात चुकून अंडं ठेवलं गेलं ते ताट त्यांनी नदीत सोडलं होतं.

तर एका संध्याकाळी धडा निघाला जिलेटिनचा. चांदीचं मीठ फिल्मवर धरून ठेवतं ते हे जिलेटिन. बापूंची समजूत, ते चायना ग्राससारखं काहीतरी समुद्रातलं असावं. मी उत्साहानं वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले.

“काय झालं बाई? कठीन शब्द आला का?”

“नाही,” मी म्हटलं, “शब्द सोपे आहेत.”

“मंग सांगा की.”

सांगितलं. गुरांची हाडं आणि कातडी उकळून ते करतात. बापूंनी हातातला कप खाली ठेवला. उपरण्याच्या टोकानं ओठ पुसले, मग दुसऱ्या टोकानं पुन्हा पुसले. मग उठून मोरीत गेले, आणि चुळा भरण्याचा आवाज जो सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालू होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे दोन दिवस स्टुडिओ बंद.

तिसऱ्या दिवशी ते जिन्यात उभे. चेहरा सुकलेला. “बाई, त्याच्या पुढं काय लिव्हलंय?”

पुढं लिहिलं होतं ते असं, की सगळं जिलेटिन सारखं नसतं. काहींच्या फिल्मवर उजेड चटकन उमटतो, काहींच्या फिल्मवर उमटता उमटत नाही. शोधून शोधून कळलं की ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीसारखी झाडं येतात, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा अगदी किंचित अंश उतरतो, आणि त्यामुळे चांदीचे दाणे तरतरीत होतात.

“मोहरी?” बापू म्हणाले. “आपली मोहरी?”

“तीच.”

“म्हंजे फोडनी!” त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला हसू आवरेना. “बाई, म्हंजे फिलमलाबी मोहरीची फोडनी लागते!”

त्या एका मोहरीवर त्यांनी स्वतःची समजूत घातली. ओठ बंद झाले. त्याऐवजी डाव्या हाताची ओली करंगळी आली. एकादशीला फिल्मला हात लावायचा नाही असा नेम सुरू झाला. आणि फोडणीची गोष्ट महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावी लागली.

आता झेंड्याची हकीकत. ही सांगायचीच म्हणून मी लिहायला बसले आहे.

सखारामदादा आमच्या स्टेशनात पॉइंट्समन होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं जोडतात, तिथं रुळांमध्ये उभं राहून ते झेंडी दाखवत. उंच, शिडशिडीत, बोलणं मोजकं. त्यांच्या वाडीनं दोन-तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यात पुढाकार त्यांचा होता. वाडीत विटामातीचा छोटा विहार उभा राहत होता. बुद्धपौर्णिमेची मिरवणूक निघायची, पण ती नदीकडच्या मागच्या वाटेनं. बाजारपेठेतून तिला कधी जाऊ दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी सखारामदादांनी मामलेदारांकडे अर्ज केला. बाजारातल्या मंडळींना कचेरीत बोलावणं गेलं. त्यांचे पुढारी नानाशेठ, किराणामालाचे व्यापारी, चौकातल्या दुकानाचे मालक. नानाशेठ पुष्कळ कुरकुरले आणि शेवटी म्हणाले, “एकदा. फक्त एकदा न्या.” मामलेदारांनी तसं लिहून घेतलं.

मग सखारामदादा बापूंकडे आले. मी चहा पीत बसले होते.

“सत्तावीस वर्सं मी लाल आनि हिरवा झेंडा धरतोय, बापू,” ते म्हणाले. “सायबाचा धरला, सरकारचा धरला. आपला झेंडा बाजारातनं पयल्यांदा धरनार हाय. एकदाच. त्याचा फोटो विहारात लागला पायजे.”

“लागंल,” बापू म्हणाले.

पौर्णिमेला दुपारी चारला मिरवणूक चौकात आली. स्वच्छ ऊन. पन्नास-साठ माणसं, पांढरे कपडे, पुढं सखारामदादा आणि त्यांच्या हातात द्वारकाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, शिवलेला निळा झेंडा. नानाशेठनी निषेध म्हणून दुकानाच्या फळ्या लावून टाकल्या होत्या. बापूंनी फोटो घेतला, उत्तम आला, आणि अभिमानानं त्यांनी तो दुकानाच्या दर्शनी कपाटात लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सखारामदादा ड्यूटीवरून आले आणि कपाटापुढं उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले.

“बापू,” ते म्हणाले, “ह्यो झेंडा पांढरा हाय.”

बापू बाहेर आले. त्यांनी बघितलं. झेंडा खरोखरच पांढराशुभ्र होता. ज्या फिल्मला लाल अजिबात दिसत नाही, तिला निळा वाजवीपेक्षा जास्त दिसतो. निळ्या रंगानं फिल्म इतकी काळी पडते की छापल्यावर तिथं नुसता कागद उरतो. हे बापूंना पाठ होतं. आभाळ पांढरं येतं ते यामुळेच, हे त्यांनी शेकडो लोकांना ऐकवलं होतं. पण मिरवणुकीच्या आनंदात झेंडा म्हणजेही निळाच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एव्हाना बाजारातल्या टवाळांच्या मात्र ध्यानात आलं होतं. “पांढरं निशाण! आले शरण!” असं ते जाता-येता मोठ्यानं म्हणत. सखारामदादांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला त्या वेळी त्या टवाळांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

“रंग भरता येईल,” मी हळूच म्हटलं. “निळी शाई...”

“नाय,” बापू म्हणाले.

“नाय,” सखारामदादाही त्याच दमात म्हणाले. “झेंड्याला रंग फासायचा नाय. आनि वाडीत उभा राहून काढलेला फोटोबी नको. जिथं पांढरा आला, तिथंच निळा आला पायजे. बाजारात.”

पुढच्या दिवशी सकाळी ते फोटो घेऊन नानाशेठकडे गेले. मागोमाग बापू आणि, शाळेला मे महिन्याची सुट्टी होती म्हणून, मी.

“एकदा ठरलं होतं,” नानाशेठ म्हणाले. “नेली की एकदा.”

“न्यायची व्हती आमची मिरवनूक,” सखारामदादा म्हणाले. “आमचा झेंडा निळा. ह्या फोटोत झेंडा पांढरा. म्हंजे ही आमची न्हवं. आमची अजून जायची हाय.”

नानाशेठनी फोटो हातात घेतला. त्यांचं खरं लक्ष फोटोतल्या दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. मागं त्यांचं दुकान स्पष्ट आलं होतं, भर दुपारी फळ्या लावलेलं, आणि कालपासून चारजणांनी त्यांना ‘घरात कोण गेलं?’ म्हणून विचारलं होतं. हा फोटो कायमचा कुठंतरी टांगला जाणार, ही कल्पना त्यांना सोसेना. ते म्हणाले, “बरं, न्या. पण हा काढून टाका.”

इकडे बापू आणि मी पुस्तकावर तुटून पडलो. निळा गडद यायला कॅमेऱ्यापुढं पिवळी काच लावावी, असं त्यात होतं. लाल लावली तर निळा सगळ्यात गडद येतो, असंही होतं. कर्जतमध्ये असली काच कुठली? पण बापूंनी डोकं चालवलं. एक कोरी फिल्म धुऊन काचेसारखी स्वच्छ केली आणि स्पिरिटमध्ये घरची हळद कालवून त्यात बुडवली. तिच्यावरच्या जिलेटिननं हळद पिऊन घेतली. सुंदर पिवळी झाली. मग त्यांनी ती जवळच्या थाळीत खळबळली, आणि ती बघता बघता लालबुंद झाली.

“बाई!” ते जिन्यावरून ओरडत आले. “देवानंच लाल करून दिली! निळा सगळ्यात गडद!”

मी पदवीधर. मी मान हलवली. वा, म्हटलं.

सखारामदादांच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी मिरवणूक पुन्हा निघाली. या वेळी नानाशेठचं दुकान सताड उघडं होतं, आणि बरण्या पुसून समोर मांडल्या होत्या. बापूंनी लाल तुकडा भिंगापुढं बसवला, फोटो घेतला आणि धुवायला आत गेले. मी बाहेर थांबले. मग ते बाहेर आले, हातात फिल्म. ती आरपार स्वच्छ होती. झेंडा नाही, माणसं नाहीत, बाजार नाही, बरण्या नाहीत.

“बाई,” ते स्टुलावर बसत म्हणाले, “मी दिसभर लाल दिव्याखाली का बसतो?”

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. फिल्मला लाल दिसत नाही म्हणून. आणि आम्ही तिच्या डोळ्यांवर लालच काच बांधली होती. लाल काच फक्त सगळे रंग दिसणाऱ्या फिल्मला, हे पुस्तकात पुढच्याच ओळीत लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचूनही दाखवलं होतं. जी गोष्ट हा माणूस रोज दहा जणांना खुर्चीत खिळवून सांगत होता, तीच तो स्वतः विसरला. बापूंनी डोक्याला हात लावला आणि मग ते हसायला लागले. पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही, कारण आता वाडीत जाऊन सांगायचं होतं.

सखारामदादांनी ती कोरी फिल्म उजेडात धरली. बापूंनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

“लाल दाखवला आनि गाडी थांबली,” सखारामदादा म्हणाले. “नियमानं बरोबर हाय, बापू.” पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं.

द्वारकाबाईंनी तो लाल तुकडा हातात घेऊन हुंगला. “ह्याला सोडा लागलाय. हळदीला सोडा नायतर साबन लागला का ती लाल व्हते. लुगड्यावरचा डाग धुताना रोज बघतो आमी. एवढं मोठं पुस्तक वाचता, त्यात नाय का?”

थाळीत सकाळचं औषध होतं आणि त्यात धुण्याचा सोडा होता. पुस्तकात हे नव्हतं.

सखारामदादा मात्र फिल्म खिशात घालून तडक नानाशेठकडे. “शेठ, हे बघा. ह्यात कोन दिसतंय?”

“कोणीच नाही.”

“मंग मिरवनूक गेली का?”

नानाशेठनी फिल्म उलटीसुलटी करून बघितली. “माझं दुकानसुद्धा नाही?” त्यांनी विचारलं. आवाजात खरोखरीचं दुःख होतं. बरण्या पुसण्यात त्यांची सकाळ गेली होती.

तिसरी मिरवणूक मे संपता संपता निघाली. माथेरानच्या बाजूला दुपारचे ढग दिसायला लागले होते आणि सखारामदादा सारखे वर बघत होते. या वेळी पिवळा तुकडा द्वारकाबाईंनी स्वतः तयार करून दिला होता, आणि बापूंनी तो कागदात गुंडाळून, सोड्यापासून लांब, छातीशी धरून आणला होता. पिवळ्या काचेतून उजेड कमी येतो, म्हणून फोटोला वेळ जास्त लागणार. मिरवणुकीला चौकात थांबावं लागणार होतं. ज्या चौकातून तिला जायचीच बंदी होती, त्या चौकात ती थांबली, आणि बापूंना सवयीप्रमाणे शास्त्र सुचलं.

“पिवळी काच निळ्याला अडवते,” ते कापडातून डोकं काढून म्हणाले, “म्हंजे कसं...”

वाडीतली माणसं उभी राहिली. दुकानदार फळ्यांवर, पायऱ्यांवर उभे राहिले. कुणीतरी म्हातारीला बसायला पाट दिला. कुणीतरी पाणी दिलं. कुणी कुणाला दिलं हे त्या गर्दीत कुणी बघितलं नाही. चांगली दहा मिनिटं सगळा बाजार चांदीच्या दाण्यांविषयी ऐकत होता. नानाशेठ नवा कोट घालून हळूहळू पुढं सरकत सरकत सखारामदादांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

तेवढ्यात वारा सुटला आणि झेंडा फडफडायला लागला. बापू कापडाखालून ओरडले, “कोपरा धरा! हलतोय! कोपरा धरा कुनीतरी!”

सगळ्यात जवळचा हात नानाशेठचा. त्यांनी विचार केला असता तर तो पुढं गेला नसता. पण बापूंनी त्यांना दहा मिनिटं विचार करायच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं. त्यांनी निळ्या झेंड्याचा कोपरा धरला. मग त्यांना कळलं. त्यांनी सखारामदादांकडे बघितलं.

सखारामदादा कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाले, “घट्ट धरा, शेठ.”

शेठनी धरला. बापूंनी फुगा दाबला आणि मी मोठ्यानं एक, दोन मोजलं.

फोटो घेऊन आम्ही वाडीत गेलो तेव्हा विहारात सगळे जमले होते. सखारामदादांनी फोटो हातात घेतला. सगळे वाकून बघायला लागले. झेंडा या वेळी पांढरा नव्हता. करडा होता, पावसाळी ढगासारखा गडद करडा. शेजारी नानाशेठ, कोपरा धरून, चेहऱ्यावर तो न समजल्याचा भाव.

आमच्या फिल्मवर निळा रंग येणार तरी कुठून होता? पण इतक्या खटाटोपानंतर मलासुद्धा कुठंतरी वाटत होतं, की तो निळा येईल.

“हाच निळा,” बापू म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “फिलमवर निळा असाच येतो, सखारामदादा. हाच निळा.”

सखारामदादांनी फोटोकडे बघितलं, मग बापूंकडे. “तुमी म्हनता तर हाच,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं खिळ्याला लावला. पुढच्या वर्षी अर्ज गेला तेव्हा नानाशेठ कुरकुरलेच नाहीत. ते फक्त म्हणाले, “या वेळीही फोटो आहे का?”

नंतर माझी बदली अलिबागला झाली. वीस-बावीस वर्षांनी एका विद्यार्थिनीकडे कार्य होतं म्हणून मी कर्जतला गेले, तो दिवस नेमका बुद्धपौर्णिमेचा. स्टुडिओत आता बापूंच्या पुतण्याचे रंगीत फोटो लावलेले होते. रोल धुवायला मुंबईला जात. अंधारी खोली बंद करून तिथं शिवणयंत्र ठेवलं होतं. सखारामदादा आदल्या वर्षी गेले होते. बापू दुकानाच्या पायरीवर बसले होते, डोळ्यांवर भिंगासारखा जाड चष्मा.

“बाई का?” ते म्हणाले. “या. मोतीबिंदू काढला. माघात.”

“दिसतं ना नीट?”

“नीट?” ते म्हणाले. “डोळ्यातलं भिंगच काढून टाकलं, बाई. आपल्या डोळ्यात भिंग असतं ते पिवळसर असतं. तरनेपनीबी थोडं असतंच. ते निळ्याला अडवतं. आता अडवायला कोन नाय.”

तेवढ्यात चौकात ताशा वाजला. मिरवणूक वळणावरून आत आली. आता पन्नास-साठ नव्हे, पाच-सातशे माणसं असतील, आणि झेंड्यांची गणती नव्हती. बापू बोलता बोलता थांबले. चष्मा सारखा केला. तोंड उघडं राहिलं.

“एवढा निळा असतो?” ते म्हणाले. “बाई, एवढा?”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

“फिलमला असाच दिसत असनार,” ते म्हणाले. “तिच्याबी डोळ्यात पिवळं काय नव्हतं. एवढा निळा आला आनि बिचारी भाजून निघाली. आमी म्हनलो, झेंडा पांढरा आला.” “पयल्या फोटोतच खरा निळा व्हता, बाई. मी पिवळी काच लावून त्याला करडा केला, आनि सखारामदादाला म्हनलो, हाच निळा. त्यानं ऐकून घेतलं.”

मी म्हटलं, त्यांना हवा होता तोच फोटो तुम्ही दिलात. ते माझ्याकडे बघत नव्हते. काठी घेऊन ते पायरी उतरले आणि मिरवणुकीत शिरले. वर बघत चालल्यामुळे त्यांचे लोकांना धक्के लागत होते. कुणातरी पोरीनं त्यांचा दंड धरला. चौकाच्या वळणापर्यंत मला त्यांची मागे कललेली मान दिसत होती, आणि ते कुणालाही काहीही समजावून सांगत नव्हते.